आंबोली, तिलारी, चोर्ला, अनमोड: बेळगावहून सायकलवर चार दिवसांची घाटवारी

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे. सायकलनं घाट करायचं मनात आलं की सगळ्यात आधी ही गोष्ट ध्यानात घ्यायची. सावंतवाडीचा किंवा गोव्यातला सायकलवाला सकाळी ताज्या पायांनी घाट चढतो आणि परतताना उतारावर सायकल सोडून देतो. आपलं गणित उलटं आहे. आपण सकाळच्या गारव्यात मजेत उतरतो आणि चढ राहतो परतीला, तोही दुपारच्या उन्हात, कोकणातल्या दमट हवेत, पाय भरून आलेले असताना. चांगली धडधाकट पोरं घाटाच्या पहिल्याच वळणांवर सायकल टेम्पोत टाकून घरी येतात ती याच कारणानं. त्यांच्यात ताकद असते, त्यांची वेळ चुकलेली असते.

उपाय सोपा आहे. ज्या दिवशी उतरलो त्या दिवशी चढायचं नाही. घाटाच्या पायथ्याशी मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच चढाला लागायचं. पुढचा सगळा आराखडा याच एका नियमावर बेतलेला आहे.

मार्ग कसा आखायचा

आपल्याकडे बेळगाव मधोमध धरून इंग्रजी आठसारखे दोन फेरे करता येतात. पहिल्या फेऱ्यात आंबोली उतरायचा आणि तिलारी चढायचा. दुसऱ्यात चोर्ला उतरायचा आणि अनमोड चढायचा. म्हणजे चार दिवस, चार घाट, त्यातले दोन उतरायचे आणि दोन चढायचे. दुसऱ्या रात्री आपण आपल्याच घरी असतो. याचा फायदाही आहे आणि धोकाही, त्याबद्दल पुढे लिहितो.

पहिला दिवस: बेळगाव, हिंडलगा, सुळगा, तुरमुरी, बाची, शिनोळी, पाटणे फाटा असं करत चंदगड तालुक्यातून आंबोली. तिथून घाट उतरून सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग. सुमारे सव्वाशे किलोमीटर.

दुसरा दिवस: दोडामार्ग, भेडशी, तिलारी घाट, तिलारीनगर, पाटणे फाटा, बेळगाव. ऐंशीच्या आसपास.

तिसरा दिवस: बेळगाव, पिरनवाडी, किणये, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट, केरी, साखळी आणि पुढे होंडा, उसगाव, तिस्क करत मोले. पुन्हा सव्वाशे.

चौथा दिवस: मोले, अनमोड घाट, रामनगर, लोंढा, गुंजी, खानापूर, बेळगाव. नव्वदच्या आसपास.

ही अंतरं ढोबळ आहेत. मुक्काम गावात कुठे आहे यावर पाच-दहा किलोमीटर इकडेतिकडे होतात. कागदावर हे आकडे फार भयंकर वाटत नाहीत, पण घाटात किलोमीटर मोजून काही कळत नाही. किती मीटर चढायचं आहे आणि ते किती अंतरात, एवढंच बघायचं. आंबोली साधारण ६९० मीटरवर आहे आणि सावंतवाडी शंभराच्या जवळपास. पायथ्याच्या दाणोलीकडून चढलं तर ही उंची दहा-बारा किलोमीटरवर पसरते, म्हणजे शेकडा पाचच्या आसपास चढ. एका लयीत चढता येतो. तिलारीत उंची जवळपास तेवढीच, पण घाटाचं अंतर कितीतरी कमी. तो रस्ता मुळात जलविद्युत प्रकल्पाच्या कामासाठी झालेला आहे, प्रवाशांच्या सोयीसाठी आखलेला नाही. वळणावर आतल्या बाजूनं सायकल घातली तर पुढचं चाक उचलतं.

ज्यांनी आजवर एकही घाट चढलेला नाही त्यांनी हे चार दिवस सलग करू नयेत. दोन फेरे वेगवेगळ्या आठवड्यांत करावेत, आणि त्यातही अनमोडचा आधी. तिलारी हा पहिला घाट म्हणून कुणालाही सुचवणार नाही.

ऋतू आणि रस्त्याची अवस्था

नोव्हेंबर ते जानेवारी. ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात पाऊस गेलेला असला तर तेव्हाही चालेल. फेब्रुवारीच्या शेवटापासून दोडामार्ग आणि मोले या दोन्ही ठिकाणी सकाळी दहानंतर चढायचं म्हणजे अंगातलं पाणी ओतायचं. पावसाळ्यात आंबोलीचं सगळ्यांना वेड असतं आणि ते समजूही शकतो, पण महाराष्ट्रात सगळ्यात जास्त पाऊस पडणाऱ्या ठिकाणांपैकी ते एक आहे. धुक्यात समोरची मोटार दहा पावलांवर येईपर्यंत दिसत नाही, दरडी येतात, रस्त्यावर शेवाळ धरतं. जून ते सप्टेंबर या मार्गावर सायकल नको.

नोव्हेंबर ते मार्च हा ऊसतोडणीचाही हंगाम असतो. पहिल्या आणि दुसऱ्या दिवशी चंदगड-बेळगाव पट्ट्यात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर भेटतात. इथं घाटापेक्षा जास्त जपायला लागतं. मागची ट्रॉली वळणावर आत ओढली जाते, खड्ड्यात डोलते, बाजूला लोंबणारे ऊस खांद्याला लागतात. ड्रायव्हरनं मोठ्यानं गाणी लावलेली असतात, तुमची घंटी त्याला ऐकू जात नाही. त्याला डाव्या बाजूनं कधीही ओलांडू नका. मागं राहायचं असेल तर चांगलं वीस-पंचवीस मीटर मागं राहा, कारण गळून पडलेली कांडी चाकाखाली आली की सायकल आडवी होते. रस्त्यावर पडलेले वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, सकाळच्या दवानं ओले असतात, त्यांच्यावर ब्रेक दाबायचा नाही.

चोर्ल्याला अडचण वेगळी. हा बेळगाव-गोवा मोटारींचा मुख्य रस्ता झाला आहे. शनिवारी सकाळी गोव्याकडे आणि रविवारी संध्याकाळी गोव्याहून वाहनांची रांग लागते. म्हणून चार दिवस अशा बेतानं धरा की चोर्ला सोमवार ते गुरुवारमध्ये येईल. शनिवारी सुरुवात केली तर तिसरा दिवस सोमवारी पडतो, हे उत्तम. निघायच्या आदल्या आठवड्यात चारही घाटांची चौकशी करा. कुठे ना कुठे दुरुस्ती, मोरीचं काम किंवा वाहतूक वळवलेली असते. खानापूर-रामनगर रस्त्याबद्दल तिकडून रोज ये-जा करणाऱ्यालाच विचारावं, नकाशावर बघून काही कळणार नाही.

सायकल: गिअर आणि ब्रेक, बाकी सगळं नंतर

लोक सायकलच्या वजनाबद्दल फार बोलतात. घाटात खरा प्रश्न सगळ्यात हलक्या गिअरचा असतो. एक हिशेब करून दाखवतो. पुढे ३४ दात्यांचं चक्र आणि मागे सगळ्यात मोठं २८ दात्यांचं असेल, तर मिनिटाला ६० पॅडल मारताना तुम्ही ताशी ९ किलोमीटरच्या थोडं वर जाता. शेकडा १२ च्या चढावर, तुम्ही आणि सायकल मिळून ८० किलो असाल तर, त्या वेगासाठी अडीचशे वॉटच्या आसपास ताकद लागते. हौशी सायकलवाल्याला ती काही मिनिटांपुरती जमते, तासभर नाही. मागे ३४ दात्यांचं चक्र बसवलं की तोच चढ तेवढ्याच फेऱ्यांत ताशी साडेसात किलोमीटरनं होतो आणि ताकद दोनशेच्या आसपास लागते. हा पन्नास वॉटचा फरक म्हणजे तिलारी सायकलवर बसून चढणं आणि ढकलत चढणं यातला फरक आहे. कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) बदलताना मागचा डिरेल्युअर (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) तेवढे दाते पेलतो का, हे मेकॅनिककडून आधी बघून घ्या. साखळीही लांब लागते.

हायब्रिड किंवा एमटीबी (डोंगरी सायकल) असेल तर गिअर आधीच हलके असतात. त्यांनी टायर तेवढे बदलावेत. खाच-खळग्यांचे जाड टायर डांबरावर ओढतात, तिथं ३५ ते ४० मिलिमीटरचे गुळगुळीत बसवा. रोड बाइकला २८ च्या खाली जाऊ नका. आपल्या रस्त्यांवर २३ चे टायर घेऊन चोर्ला उतरणं म्हणजे मनगटांवर अन्याय आहे.

आता ब्रेक. चढाची काळजी सगळे करतात, पण जायबंदी होतात ती माणसं उतारावर. ८५ किलो वजन ६०० मीटर खाली आणताना साधारण ५०० किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. दीड लिटर पाणी उकळायला लागते तेवढी ही उष्णता. तिच्यातला काही भाग हवेच्या विरोधात जातो, उरलेली रिम किंवा डिस्क तापवते. सतत ब्रेक दाबून हळूहळू उतरणाऱ्याचा वेग कमी, म्हणून हवेचा विरोधही कमी, म्हणून जवळपास सगळी उष्णता ब्रेकवर. मग रिम इतकी तापते की ट्यूब फुटू शकते, आणि डिस्क असेल तर लिव्हर हँडलला टेकेपर्यंत दाबावा लागतो.

पद्धत अशी: सरळ पट्ट्यात सायकल थोडी पळू द्यायची, वळणाच्या आधी पाठ उभी करून छातीवर वारा घ्यायचा, दोन्ही ब्रेक ठामपणे दोन-तीन सेकंद दाबायचे, वेग उतरला की सोडायचे आणि मग वळायचं. वळणात ब्रेक नको. बाहेरच्या बाजूचं पॅडल खाली, सगळा भार त्या पायावर, नजर वळणाच्या पलीकडच्या टोकावर. चाकासमोरच्या खडीकडे बघत राहिलात तर चाक तिकडेच जाईल. हात हँडलच्या खालच्या वाकात ठेवले तर बोटांना कमी जोर लागतो. दर चार-पाच किलोमीटरवर थांबा, बोटं मोकळी करा, रिमजवळ हात नेऊन ऊब बघा. डिस्कला मात्र हात लावू नका.

निघण्याआधी ब्रेक पॅड काढून हातात घेऊन बघा. रिम ब्रेकच्या रबरावरच्या आडव्या खाचा पुसट झाल्या असतील तर नवे घाला. डिस्कच्या पॅडवरचा थर एक मिलिमीटरच्या आत आला असेल तर तेच. एक जोड जास्तीचा पिशवीत ठेवा, कारण दोडामार्गात किंवा मोल्यात तो मिळेल याची खात्री धरू नका.

बरोबर घ्यायचं सामान मोजकं: दोन ट्यूब, पंक्चरचं साहित्य, पंप, अॅलन किल्ल्या, साखळी तोडायचं अवजार आणि जोडकडी, वंगणाची छोटी बाटली, पुढचा-मागचा दिवा, बॅटरी बँक, पातळ विंडचीटर, दोन सायकलिंग शॉर्ट, ओआरएसची पाकिटं, बँडेज आणि रोख पैसे. घाटात मोबाईलला रेंज नसते आणि ऑनलाइन पैसेही जात नाहीत. नकाशा आधीच उतरवून ठेवा. आधार कार्डाची प्रत आणि घरच्यांचा नंबर लिहिलेली चिठ्ठी खिशात हवीच. तीन राज्यांतून जायचं आहे, मदतीचा क्रमांक मात्र सगळीकडे ११२.

तयारी: बारा आठवडे

आठवड्याला दीड-दोनशे किलोमीटर आरामात होत असतील तर बारा आठवडे पुरतात. त्याहून कमी होत असतील तर आधी तिथपर्यंत या.

चढाचा सराव करायला आपल्याला लांब जायला लागत नाही. येळ्ळूरचा राजहंसगड आहे. वरपर्यंत डांबरी रस्ता, चढ लहान पण खडा. आठवड्यातून एकदा सकाळी तिथं जायचं आणि बसूनच चढायचं, उभं राहून नाही. पहिल्या महिन्यात तीनदा, मग चारदा, पाचदा, सहादा. प्रत्येक वेळी वर पोचायला लागलेला वेळ लिहून ठेवा. पहिल्या आणि शेवटच्या चढाच्या वेळेत फार फरक पडत असेल तर पहिला चढ तुम्ही जास्त जोरात मारताय, एवढंच त्यातून समजायचं. सगळे चढ सारख्या वेळात व्हायला लागले की लय सापडली. लांब चढासाठी देवरवाडीहून वैजनाथाच्या बाजूनं महिपाळगड. दोन महिने झाले की कणकुंबीपर्यंत जाऊन या. तो रस्ता सतत चढउतारांचा आहे आणि पायांना खरी सवय तिथं लागते.

पण सगळ्यात महत्त्वाचा सराव लागोपाठच्या दोन दिवसांचा. शनिवारी शंभर आणि रविवारी सत्तर हे एका रविवारी दीडशे मारण्यापेक्षा कामाचं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखऱ्या बुडानं सीटवर बसणं, भूक नसताना खाणं, जड पायांना पहिल्या अर्ध्या तासात जबरदस्ती न करणं, हे शरीराला दुसऱ्या दिवशीच शिकवता येतं. तीन आठवडे वाढवत न्या, चौथ्यात निम्मं करा. शेवटच्या दहा दिवसांत फक्त पाय मोकळे ठेवा. त्या दहा दिवसांत नवं काहीही नको: नवी सीट नको, नवे बूट नको, सीटची उंचीसुद्धा हलवायची नाही.

हृदयगती मोजायचं यंत्र नसलं तरी अडत नाही. चढावर शेजारच्याशी एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यायला लागत असेल तर गिअर हलका करा. आपण तासाला किती मीटर चढतो हे मात्र काढून ठेवा. सरावलेला हौशी सायकलवाला तासाला ५००-६०० मीटर चढतो, नवखा ४००. म्हणजे नवख्याला सहाशे मीटरचा घाट दीड तासाचा. हा आकडा हातात असला की किती पाणी घ्यायचं, किती वाजता निघायचं, सगळं ठरतं.

मधल्या काळात एखादी ब्रेव्हे, म्हणजे ठरलेलं लांब अंतर ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची सायकलफेरी, करता आली तर जरूर करा. २०० किलोमीटरला साडेतेरा तास आणि ३०० ला वीस तास ही तिथली मुदत. घड्याळाशी भांडण न करता दिवसभर चालत राहायची सवय त्यातून होते. चाळिशीच्या पुढच्यांनी, आणि रक्तदाब किंवा साखर असलेल्यांनी कोणत्याही वयात, डॉक्टरांना दाखवूनच तयारीला लागावं.

रस्त्यावरचे चार दिवस

पहिल्या दिवशी पहाटे साडेपाचला निघा, दिवे लावून. आंबोलीपर्यंतचा रस्ता वरवर सपाट वाटतो पण सतत वरखाली आहे. इथं गटात चढाओढ लागते, कारण पाय ताजे असतात. ती लागू देऊ नका. आंबोलीत गरम काहीतरी पोटभर खा आणि उतरायच्या आधी विंडचीटर चढवा. धबधब्याच्या वळणावर सुट्टीच्या दिवशी मोटारी कशाही लावलेल्या असतात, दारं अचानक उघडतात, माकडं रस्त्यात बसलेली असतात. तिथं चालण्याच्या वेगानं जा आणि खाण्याची पिशवी हँडलला लोंबती ठेवू नका. डोंगराच्या कडेनं पाझरणारं पाणी नोव्हेंबरातही काही वळणांवर रस्ता ओला ठेवतं. एसटी वर येताना दिसली तर कडेला घ्या. अरुंद चढावर उतरणाऱ्यानं चढणाऱ्याला वाट द्यायची, हा नियमच आहे.

सावंतवाडीत थांबायचा मोह होईल. गाव सुंदर आहे, तलावाकाठी बसलं की उठवत नाही, राहायच्या सोयीही दोडामार्गपेक्षा जास्त. तरीही पुढे जा. सावंतवाडीला राहिलात तर तिलारीच्या पायथ्याशी पोचायलाच दहा वाजतात. ज्यांना सव्वाशे किलोमीटर जास्त वाटतात त्यांनी निदान बांद्यापर्यंत तरी जावं.

दुसऱ्या दिवशी मात्र अंधारात निघू नका. दोडामार्ग-तिलारी पट्ट्यात हत्तींचा वावर आहे आणि गवे तर चारही घाटांत आहेत. पूर्ण उजाडल्यावर निघा आणि सात-साडेसातला घाटाच्या तोंडाशी या. आदल्या संध्याकाळी मुक्कामाच्या ठिकाणी हत्ती कुठल्या बाजूला आहेत हे विचारा, तिथल्या लोकांना ते माहीत असतं. गवा रस्त्यात दिसला तर थांबा, घंटी वाजवू नका, फोटोसाठी पुढे जाऊ नका, तो गेला की मग पाच मिनिटं आणखी थांबा. त्याच्यामागे बहुतेक वेळा दुसरा असतो.

तिलारी चढताना पहिल्या वळणापासून सगळ्यात हलका गिअर. वळणं बाहेरच्या बाजूनं घ्या, तिथं चढ कमी असतो, पण वरून वाहन येत नाही ना याचा कानोसा घेऊनच. पाठ ताठ होते, हात हँडलला घट्ट धरतात, खांदे कानापर्यंत येतात: दर वळणाला ते खाली सोडा. पुढचं चाक डगमगायला लागलं, वेग चालण्याइतका झाला, तर उतरा आणि शंभर पावलं चाला. चालताना पोटऱ्या ताणल्या जातात, श्वास खाली येतो आणि पुन्हा बसल्यावर पाय वेगळेच वाटतात. चालण्यात कमीपणा मानणारी माणसं पुढच्या वळणावर गोळे येऊन बसलेली बघितली आहेत.

घाटमाथ्यावर आल्यावर घरापर्यंत अजून पन्नासेक किलोमीटर असतात आणि घर मात्र समोर दिसायला लागतं. दुपारी जेवण करून सावकाश या. आता तो धोका. घरी आल्यावर सोफ्यावर टेकलात, शेजारी चार माणसं चौकशीला आली, रात्री उशिरा झोपलात, की तिसरा दिवस गेला. म्हणून पहिल्या दिवशी निघतानाच दुसऱ्या फेऱ्याची पिशवी भरून दाराशी ठेवायची. आलात की आधी सायकल पुसा, साखळीला तेल घाला, टायरमध्ये रुतलेले खडे काढा, मग अंघोळ, जेवण आणि नऊच्या आत झोप. घरच्यांना आधीच सांगून ठेवा की आज गप्पा नाहीत. एवढं पाळलं तर घरचं जेवण, धुतलेले कपडे आणि ओळखीचा सायकल मेकॅनिक ही मोठी चैन आहे.

तिसऱ्या दिवशी जांबोटी ओलांडली की भीमगड अभयारण्याचं जंगल जवळ येतं आणि हवा बदलते. कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी मलप्रभेचा उगम आहे, तिथं थांबून बाटल्या भरून घ्या. हीच नदी चौथ्या दिवशी खानापूरला पुन्हा भेटते. चोर्ल्याचा उतार आंबोलीपेक्षा मोकळा, म्हणून वेग नकळत वाढतो. मोटारवाले वळणात ओव्हरटेक करतात हे धरूनच चाला आणि वळणाआधी आपल्या बाजूला सरका. केरीला खाली आल्यावर उकाडा एकदम अंगावर येतो, वीस मिनिटं सावलीत बसा. पुढचा उसगाव-तिस्कचा पट्टा अवजड ट्रकांचा आहे. रांगेनं, एकामागे एक जा.

चौथ्या दिवशी अनमोड. तिलारीनंतर तो सौम्य वाटतो, बारा-तेरा किलोमीटर झाडांच्या सावलीतून. दोन्ही बाजूला संरक्षित जंगल आहे, तेव्हा इथंही पूर्ण उजाडल्यावरच. पण हा घाट फसवा आहे, कारण माथ्याला पोचलात तरी बेळगावची उंची अजून गाठायची असते. रामनगर, लोंढा, गुंजी, खानापूर करत रस्ता हळूहळू चढतच राहतो आणि थंडीच्या दिवसांत पूर्वेकडचा वारा तोंडावर असतो. अनमोडच्या माथ्यावर ‘झालं’ म्हणून सगळी ताकद संपवू नका. खानापुरात मोठा थांबा घ्या, जेवा, मग शेवटचे सव्वीस किलोमीटर.

सोबतीला गाडी असली तर तिला तुमच्या मागं सरपटत ठेवू नका. घाटात तिच्यामागे रांग लागते आणि चिडलेले ड्रायव्हर कसेही पुढे घुसतात. गाडीनं पुढे जाऊन ठरलेल्या गावात थांबावं. गटात असाल तर सगळ्यात सावकाश माणसाच्या मागं एक अनुभवी माणूस कायम ठेवा, आणि चढावर प्रत्येकानं आपापल्या लयीत चढून माथ्यावर भेटायचं.

खाणं-पिणं

तासाला ४० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. एका मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम असतात, म्हणजे तासाला दोन केळी किंवा त्याच्या तोडीचं काहीतरी. भूक लागल्यावर खायचं नाही, घड्याळ बघून खायचं, दर अर्ध्या तासाला थोडं. चढावर चावत बसता येत नाही म्हणून घाट सुरू व्हायच्या वीस मिनिटं आधी खाऊन घ्या.

आपल्या जिल्ह्यात सायकलवाल्यासाठी तयार खाऊ आहे: गोकाकचा करदंट. डिंक, गूळ, सुकामेवा. बाहेरून आणलेल्या महागड्या बारपेक्षा मला तो जास्त मानवतो. आदल्या रात्री सुरीला थोडं तूप लावून बोटाच्या पेराएवढे तुकडे करा आणि प्रत्येक तुकडा वेगळा बटर पेपरमध्ये गुंडाळा, नाहीतर कोकणातल्या उन्हात खिशात त्याचा एकच गोळा होतो. पण त्यात स्निग्धांश बराच आहे, पोटात सावकाश उतरतो. म्हणून तो पठारावरच्या निवांत पट्ट्यात खायचा. घाटाच्या तोंडाशी केळी, गूळ, पोहे. बेळगावचा कुंदा मात्र घरी आल्यावर, दुधाचा पदार्थ उन्हात न्यायचा नाही.

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, खाली कोकणात त्याहून थोडं जास्त. नुसतं पाणी ढोसत राहिलात तर मीठ कमी पडून डोकं दुखतं, मळमळतं. एका बाटलीत ओआरएस, दुसरीत साधं पाणी ठेवा. दोडामार्ग आणि साखळीकडे कोकम सरबत मिळालं तर मीठ घालून घ्या. मुक्कामी पोचल्यावर अर्ध्या तासाच्या आत भात-डाळ, अंडी, मासे, जे पचतं ते भरपूर. तळलेलं आणि दारू चारही दिवस नको.

सीटच्या जखमा हे चौथ्या दिवशी सायकल सोडायचं मोठं कारण असतं. शॉर्ट रोज धुवायची आणि पूर्ण वाळल्याशिवाय घालायची नाही. दोडामार्गच्या दमट हवेत रात्रीत ती वाळत नाही, म्हणून दोन हव्यात. रोज सकाळी पेट्रोलियम जेली लावा, पोचल्याबरोबर शॉर्ट उतरवून अंघोळ करा. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला टोचल्यासारखं दुखायला लागलं तर सीट दोन-तीन मिलिमीटर वर करून बघा. मागच्या बाजूला दुखलं तर तेवढीच खाली. सूज आली तर मात्र थांबा आणि गाडी बोलवा.

परत आल्यावर दोन दिवस सायकलला हात लावू नका, तिसऱ्या दिवशी येळ्ळूरपर्यंत सावकाश जाऊन या, गड चढू नका. सायकल मात्र त्याच आठवड्यात उघडा. पॅड काढून झीज बघा, रिमवर खोल ओरखडे आहेत का ते नखानं चाचपा, साखळी किती ताणली गेली ते मोजून घ्या, आणि टायर फिरवत बोटानं दाबून चिरा तपासा. मागचा टायर पुढच्यापेक्षा बराच झिजलेला आढळेल. तो बदलताना नवा टायर पुढे घाला आणि पुढचा जुना मागे न्या, कारण वळणात पुढचं चाक घसरलं तर सायकल सावरत नाही.